सहावी हाक

"दुसरा टाक, दुसरा! चढावर तिसऱ्यात रेटतोस, गाडी रडतेय बघ कशी."

धाकट्याने मुकाट्याने गिअर बदलला. माझा हा भाऊ सत्तावन्नाचा झाला, दोन नातवंडांचा आजोबा आहे, पण गाडी अजून चोरून आणल्यासारखी चालवतो. मी चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. माझ्या हाताखालून गेलेली माणसं आज बस चालवतात, ॲम्ब्युलन्स चालवतात, आणि सख्खा भाऊ हा असा. स्टिअरिंग मीच घेतलं असतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी सज्जड दम भरला होता.

"उशीर तुझ्यामुळे झालाय," तो म्हणाला. "साडेपाचला निघायचं हे फोनवर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? चिठ्ठी कसली पाठवतेस! मी साडेसहा वाचलं, आणि मला तुझ्याकडे यायलाच दोन तास लागतात."

"पाच लिहिलंय मी. स्वच्छ."

"तुझा पाच? शेपटीकडून सुरू करतेस, पोट मग काढतेस. तो पाच नाहीच ताई, पिळवटलेलं मांजर आहे ते."

खरं होतं त्याचं. शाळेत छड्या खाऊनही माझा पाच सरळ झाला नाही. आणि मी गप्प बसले की माझा डावा अंगठा सुरू होतो. दाराच्या कडेवर टक, टक, टक, सेकंदाला एक. सिग्नलला थांबलं तरी तेच. शिकायला येणारी पोरं मला मागून टिकटिकबाई म्हणायची. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

"वाजवू नकोस गं," धाकटा म्हणाला. "आईही अशीच करते हल्ली. झोपेत."

आईचं नाव निघाल्यावर मी खिडकीबाहेर बघायला लागले.

डोंगराच्या माथ्यावर वेधशाळा होती. आहे अजून, पण काम बंद पडून चाळीस वर्षं झाली, आता तिचं संग्रहालय करतायत. माझे बाबा तिथे निरीक्षक होते आणि आई त्यांची मदतनीस. अगदी पगारी मदतनीस, दोघांची नेमणूक जोडीनेच झालेली. मी तिथे जन्मले आणि आठ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढले. मग एके दिवशी भर दुपारी, सूर्याचा वेध घेता घेता बाबा गेले.

तिथलं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रोज दुपारी सूर्य बरोबर डोक्यावरची रेघ ओलांडतो तो क्षण पकडायचा, आणि त्यावर खालच्या शहरातली सगळी घड्याळं लावायची. दुर्बिणीच्या भिंगापाशी पाच उभे तंतू ताणलेले असतात, कोळ्याच्या जाळ्याचे. केस त्यापुढे दोरखंड वाटावा इतके ते बारीक. सूर्याची कड एकेका तंतूला टेकली की बाबा हाक द्यायचे: "हं!" एवढंच. मोठा शब्द उच्चारायला वेळ लागतो म्हणून "हं". भिंतीपलीकडे घड्याळाची खोली. मधे वीतभर झरोका. तिथे आई घड्याळाचे ठोके मोजत बसायची आणि हाक आली की सेकंद लिहायची. पुढच्या कडेच्या पाच हाका, मग मागची कड येईपर्यंत काहीच नाही, मग पुन्हा पाच. मधल्या त्या वेळाला आमच्या घरात 'रिकामं मिनिट' म्हणायचे. असायचं सव्वा मिनिटाच्या वर. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, दार उघडायचं नाही. आणि घड्याळाशी बसणाऱ्याला नियम एकच: ऐकू येईल ते लिहायचं, डोकं चालवायचं नाही.

त्या दिवशी रिकाम्या मिनिटात एक हाक आली. सहावी. बाबांच्या छातीत कळ आली होती. आणि आईने सेकंद लिहिला.

हे मला आत्याने सांगितलं, मी चौदा वर्षांची असताना. "तिकडे माझा भाऊ जिवाच्या आकांताने ओरडला," आत्या म्हणाली, "आणि तुझी आई सेकंद लिहून पुढच्या हाकेची वाट बघत बसली. किती वेळ, ते तिचं तिला ठाऊक." मी घरी जाऊन आईला विचारलं, हे खरं का? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी पुरी केली आणि म्हणाली, "हो."

"हो" म्हणाली फक्त. रडली नाही, कारण दिलं नाही. त्याच आठवड्यात मी बोचकं उचलून आत्याकडे राहायला गेले ती कायमची. गेल्या बावन्न वर्षांत मी तिला आई म्हणून हाक मारलेली नाही. वर्षातून दोनदा धाकट्याकडे जायचं, पर्स मांडीवर ठेवून अर्धा तास बसायचं, आणि "ऐकलंत का", "बरं आहे ना" यावर भागवायचं. अहोजाहो करायचे मी तिला. सख्ख्या आईला! राग होता, आणि तो मी तेलपाणी करून जपला. खोटं कशाला बोलू?

आणि त्या दिवसाचं मला स्वतःला काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणे मला सणकून ताप भरला, आठ दिवस उतरला नाही. तापाच्या अलीकडचं सगळं पुसलं गेलं.

आदल्या आठवड्यात संग्रहालयाचं पत्र आलं. जुन्या नोंदवह्या काचेच्या पेटीत मांडणार आहोत, निरीक्षकांच्या कुटुंबीयांनी यावं. धाकट्याने ते आईला वाचून दाखवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांनी उठवत नाही, ती ताडकन उठून उभी राहिली. "ताईला ती वही दाखवू नकोस," म्हणाली. "माझी शपथ आहे. काहीही कर, पण दाखवू नकोस." आणि हा आमचा भोळा सांब, त्याने हे जसंच्या तसं मला फोनवर सांगितलं. झालं! मी म्हटलं, म्हणजे वहीत आहे काहीतरी. पुढच्याच रविवारी जायचं. मला किती वेळ ते हवं होतं. ती किती वेळ बसून राहिली, ते पांढऱ्यावर काळं करून हवं होतं मला. उद्या ती गेली की लोक चार चांगले शब्द बोलतील. तेव्हा निदान मला तरी आकडा ठाऊक असावा.

पावणेबाराला पोहोचलो. वर वारा होता आणि ऊन लखलखीत. पायऱ्या चढून गेल्यावर मोठा घुमट, त्याला बगल देऊन मागे गेलं की बुटकी लांब इमारत, तिच्या छताला उत्तर-दक्षिण चिरलेली फट. मी न विचारता तिकडे वळले. पायांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

राखणदार दारातच उभा होता. सत्तरीचा, किडकिडीत, कानात लोकरीचे बोळे. "पत्र तुमचंच ना? या, या. बारा वाजायच्या आत आलात ते बरं केलंत. मी रोज प्रयोग करून दाखवतो लोकांना. आज तुम्हीच लोक."

आमची राहायची खोली आता अडगळीची झाली होती. खुर्च्यांचा ढीग, रंगाचे डबे, भिंतीवर जिथे चूल होती तिथे काळा डाग तेवढा उरलेला. मी त्या डागासमोर उभी राहिले आणि मला काहीच वाटलं नाही. मनात म्हटलं, चला, बरं आहे. धाकटा मात्र गहिवरला होता. ज्या घरात तो कधी राहिलाच नाही तिथल्या भिंतींवरून हात फिरवत होता.

"मी पोटात होतो ना इथे?"

"चार महिन्यांचा. आणि तेव्हापासूनच ताप आहेस. आत्या म्हणायची, तुझ्या वेळी ती दिवसभर ओकत होती."

मग राखणदाराने घड्याळाच्या खोलीचं दार उघडलं.

खोली अगदी लहान. जाड भिंती, खिडकी नाही, एक पिवळा दिवा. समोर भिंतीत पक्कं बसवलेलं उंच घड्याळ. ते चालू होतं. चाळीस वर्षं कामाविना, तरी हा माणूस दर आठवड्याला किल्ली देत होता. टेबल, टेबलाशी खुर्ची, खुर्चीच्या उजव्या हाताला झरोका. आणि घड्याळाचा आवाज. टक, टक, टक. माझा अंगठा पर्सच्या पट्ट्यावर त्याच्या बरोबर चालला होता. मागे नाही, पुढे नाही. मी हात मागे घेतला.

"कुणीतरी इथे बसायचं," राखणदार म्हणाला, "आणि कुणीतरी माझ्याबरोबर दुर्बिणीकडे. ताई, तुम्ही बसता?"

"मला नाही जमायचं. मी कधी केलेलं नाही."

"लहान मुलांनाही जमतं हो. मी मिनिट सांगतो, तिथून मोजत राहायचं. हाक आली की लिहायचं."

मी बसले. खुर्ची थंड होती. पाय जमिनीला टेकले तेव्हा मी दचकले, वेड्यासारखी. टेकणार नाहीत अशी पायांची समजूत होती. राखणदाराने कागद-पेन्सिल दिली, दार लावून घेतलं. झरोक्यातून दोघांची पावलं, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग छताची फट उघडताना दोरीची करकर. "काळी काच लावलीये ना?" हे धाकट्याचं. मग राखणदार: "शून्य!"

मी मोजायला लागले. खरं सांगते, मोजायला लागले असं म्हणणंही चूक आहे. मोजणं माझ्या आत आधीपासून चालूच होतं, मी फक्त त्यात सामील झाले.

"हं!"

माझ्या हाताने लिहिलं. मी नाही, हाताने. आकडा लिहून पेन्सिल कागदापासून दोन बोटं वर जाऊन थांबली, पुढच्यासाठी तयार. हे मला कुणी शिकवलं?

"हं!" लिहिलं. "हं!" लिहिलं. चौथी. पाचवी. मग रिकामं मिनिट.

टक, टक, टक. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. माझ्या मानेवर घाम आला. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन, सत्तावन्न वर्षांचा भाऊ भिंतीपलीकडे, आणि मी घाबरले होते. कशाला, ते कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की उठायचं नाही. दार उघडायचं नाही.

मग हाक आली.

राखणदाराची नव्हती. त्याचा आवाज चिरका होता. हा जाड, जवळचा, झरोक्याला तोंड लावून कुणी बोलावं तसा. "हं" नव्हतं ते पुरतं. "हा" होता आणि पुढे काहीतरी तुटलेलं. आणि माझा हात, माझा हा हात, त्याने शांतपणे सेकंद लिहिला आणि पेन्सिल दोन बोटं वर नेऊन थांबवली.

मी वाट बघत होते. मला उठायचं होतं आणि मी पुढच्या हाकेची वाट बघत होते.

मागच्या कडेच्या पाच हाका आल्या, राखणदाराच्याच आवाजात. मी त्याही लिहिल्या. दार उघडलं तेव्हा मी ओरडलेच, "ती मधली हाक कुणी दिली? रिकाम्या मिनिटात?"

"मी दहाच दिल्या ताई," राखणदार म्हणाला. "मधे आम्ही श्वाससुद्धा हळू घेत होतो."

"कुणी बोललं नाही गं," धाकटा म्हणाला. "पाणी देऊ का?"

"पाणी नको. वही काढा."

"ताई, आईने शपथ..."

"वही काढा म्हटलं ना!"

राखणदाराने कपाट उघडलं. वही मोठी होती, पाठीला कापड लावलेली. त्याने खूण म्हणून कागद घातलेल्या पानावर ती उघडली. डावीकडचं पान सगळं आईच्या अक्षरात, शाईने, आकडे एका ओळीत बसवलेले. ते अक्षर मी कुठेही ओळखेन. दर वाढदिवसाला त्या अक्षरात पाकीट यायचं आणि मी ते न फोडता ठेवून द्यायचे. उजवीकडे त्या दिवसाची नोंद. शेवटची.

ती पेन्सिलीने होती.

आकडे मोठे, रेघेच्या बाहेर गेलेले, दाबून लिहिलेले. एक, दोन, तीन, चार, पाच हाका. मग चौकट सोडून खाली सहावी. पंचावन्न सेकंद. दोन पाच, शेजारी शेजारी. शेपटीकडून सुरू केलेले, पोट मागून काढलेलं.

माझे डोळे नवे होते, तीन आठवड्यांचे. सगळं स्वच्छ दिसत होतं. मी हातातला आजच्या आकड्यांचा कागद वहीशेजारी ठेवला. त्यावर आज मी दोनदा पाच लिहिला होता.

धाकट्याने वाकून बघितलं. वहीकडे, कागदाकडे, पुन्हा वहीकडे. मग तो सावकाश खुर्चीत बसला. पिळवटलेल्या मांजराचं काही बोलला नाही.

"ही कसली रेघोटी आहे ते आम्हालाही कळलेलं नाही," राखणदार म्हणाला. त्याने पानाच्या कडेवर बोट ठेवलं. सहाव्या हाकेपासून समासात बारीक उभ्या रेघा सुरू झाल्या होत्या. एकीखाली एक, पानाच्या तळापर्यंत, मग परत वर, दुसरी रांग, तिसरी. पान उलटलं तर मागेही होत्या. "कुणी पोराने गिरगटलं असावं नंतर."

मला ठाऊक होतं ते काय आहे. हाक आली नाही. ऐकू येईल तेवढंच लिहायचं होतं, आणि ठोक्यांशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून तिने ठोके लिहिले. पाय जमिनीला न टेकणाऱ्या त्या मुलीने. तिला सांगितलं होतं की उठायचं नाही.

धाकटा बोटाने रेघा मोजत होता. मी त्याला थांबवायला हवं होतं. तो शेवटपर्यंत गेला. "चारशे वीस," तो हळूच म्हणाला. मग त्याचा त्यालाच हिशेब सुचला. "सात मिनिटं."

मला आकडा हवा होता ना? मिळाला.

चौतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून पायाखाली जादा ब्रेक ठेवला. एकदाही उशिरा दाबला नाही. त्याचा मला केवढा तोरा होता! सगळ्यांना सांगत फिरायचे, माझा पाय कधी उशिरा पडला नाही.

"खाली वाचा," राखणदार म्हणाला. शेऱ्याच्या रकान्यात शाईने, आईच्या अक्षरात, अगदी सरळ ओळीत लिहिलं होतं: 'सहावी हाक आलेली नाही. लिहिणारीची ऐकण्यात चूक.' आणि त्यापुढच्या रकान्यात, 'लिहिणार' या शब्दाखाली, तिची सही. पूर्ण नाव.

ती कधी लिहिली असेल ही ओळ? बाबांना बाहेर काढायच्या आधी की नंतर? नवरा भिंतीपलीकडे पडलेला, पोर इथे रेघा ओढत बसलेलं, आणि ती दौत शोधत होती.

"ताई," धाकटा म्हणाला. "ती उठून बाहेर गेली असणार. ओकायला. तुला म्हणाली असेल, बस जरा, आलेच. माझ्यामुळे उठली ती."

"गप. मूर्खासारखं बोलू नकोस. तू चार महिन्यांचा होतास, तेही पोटात."

"आणि तू आठ वर्षांची."

मी रडले. छान मोठ्याने, नाक ओढत रडले, परक्या माणसासमोर. राखणदार बिचारा कानातले बोळे काढून पुन्हा घालत राहिला. मला बाबांसाठी रडू येत होतं असं म्हणेन तर खोटं होईल. चौदा वर्षांची कार्टी समोर उभी राहून खुनाचा आळ घेत असताना जिने एक घडी पुरी केली आणि "हो" म्हटलं, तिच्यासाठी येत होतं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. बावन्न वर्षं तो शब्द तिने गिळला, आणि मी तिला अहोजाहो केलं.

बऱ्याच वेळाने राखणदाराने खाकरून विचारलं, "पेटीत हेच पान ठेवणार आहोत. खाली पाटी लावायचीये. लिहिणार म्हणून सहीप्रमाणे तुमच्या आईचं नाव घालू ना? आणि चुकीचा उल्लेख?"

म्हणजे येणारे-जाणारे वाचणार होते. सहलीला आलेली शाळेची पोरं वाचणार होती: या बाईची ऐकण्यात चूक झाली.

"पेन्सिल द्या," मी म्हटलं.

वहीला मी हात लावला नाही, ती तिची होती. माझ्या कागदावर, आजच्या आकड्यांखाली लिहिलं: 'सहावी हाक आली होती. लिहिणारीने बरोबर ऐकली. लिहिणार: निरीक्षकांची मुलगी, वय वर्षे आठ. शेरा आईने लेकीसाठी लिहिला.' खाली सही केली, तारीख घातली. तारखेत पाच होता. धाकट्याने तो बघितला आणि तोंड फिरवलं.

"हा कागद वहीशेजारी ठेवा," मी राखणदाराला म्हटलं. "पाटीवर हेच घाला. शब्द बदलू नका."

बाहेर आलो. पायऱ्यांवर ऊन तापलं होतं. धाकट्याने घरचा फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. फोन बराच वेळ वाजत राहिला. तिला उठून यायला वेळ लागतो.

"कोण?"

"आई, मी."

पलीकडे काही नाही. माझा अंगठा फोनच्या पाठीवर सुरू झाला. मी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. मोजायचं नव्हतं मला. एकदा तरी न मोजता थांबायचं होतं.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली.

"आई म्हटलं."

मग अगदी बारीक आवाजात, "वही पाहिलीस का गं?"

धाकटा खालून माझ्याकडे बघत होता. आयुष्यभर मी तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून मिरवले. माझ्या खरेपणाला लोक टरकून असायचे.

"कुठली वही आणि काय घेऊन बसलीस," मी म्हटलं. "वाळवी लागली होती. ते पान तर गेलंच."

"सगळं गेलं?"

"सगळं. भुगा झालाय नुसता."

तिने श्वास सोडला. तो इतका लांब होता की मला वाटलं फोन ठेवला. अठ्ठावन्न वर्षं धरून ठेवलेला होता तो.

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग लगेच, रोज विचारत असल्यासारखं, "जेवलीस का?"

"नाही अजून. तिकडेच येते जेवायला. राहतेही आज. खोळंबशील का जराशी? तीन तास लागतील, हा गाडी कशी चालवतो ते तुला ठाऊक आहे."

"बसलेय मी इथेच," आई म्हणाली. "घाई नका करू. उशीर झाला तरी चालेल गं."